'द विचर ३'ची कथा शेवटपर्यंत कशी खेळावी : खान्देशातील नव्या खेळाडूसाठी सविस्तर मार्गदर्शन

पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने १९ मे २०१५ रोजी प्रसिद्ध केलेला 'द विचर ३ : वाइल्ड हंट' हा गेम आता सेलमध्ये बऱ्याच कमी किमतीत मिळतो आणि काही वर्षांपूर्वी घेतलेल्या गेमिंग लॅपटॉपवरही व्यवस्थित चालतो, त्यामुळे जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर अशा गावांतील पुष्कळ खेळाडूंनी तो घेऊन ठेवलेला असतो. त्यात आपण गेराल्ट हा विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा शिकारी, बनून त्याला मुलीसारखी असलेल्या सिरीचा शोध घेतो. मात्र घेतलेल्यांपैकी कथा शेवटपर्यंत खेळलेले फार थोडे भेटतात. पहिला छोटा प्रदेश उत्साहात संपतो, मग व्हेलेनचा अवाढव्य नकाशा उघडतो, त्यावर प्रश्नचिन्हांची गर्दी दिसते, आणि महिनाभरात आपण नेमके कोणाला शोधायला निघालो होतो याचाच विसर पडतो. त्या टप्प्यावर अडकलेल्यांसाठी आणि आखाजीच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. लढाईच्या कौशल्यापेक्षा कथा कोणत्या क्रमाने, कोणत्या गतीने आणि कुठे थांबून खेळावी यावर त्यात भर दिला आहे, कारण माझ्या पाहण्यात हा गेम अर्धवट सुटतो तो बहुधा क्रम चुकल्यामुळे. राक्षसांचा दोष त्यात कमीच असतो. कथेतील मोठी वळणे जिथे सांगावीच लागली आहेत, तिथे आधी तशी सूचना दिली आहे.

तयारी : यंत्र, ऊन आणि वीज

मूळ आवृत्तीची किमान गरज सहा जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६० या दर्जाचे ग्राफिक्स कार्ड अशी होती. १४ डिसेंबर २०२२ रोजी आलेल्या मोफत अपडेटनंतर चित्रे अधिक देखणी झाली, पण यंत्रावरचा भारही वाढला. गेम सुरू करताना डायरेक्टएक्स ११ आणि डायरेक्टएक्स १२ असे दोन पर्याय मिळतात. जुन्या लॅपटॉपवर ११ निवडावा. तेवढ्याने भागले नाही, तर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमच्या प्रॉपर्टीजमधील बीटा विभागातून १.३२ ही अपडेटपूर्वीची आवृत्ती घेता येते. गावाकडे नेटचा वेग कमी असेल, तर गॉग या दुकानातून घेतलेली प्रत सोयीची पडते. आपल्या खात्यातून तिचा इन्स्टॉलर शहरातल्या एखाद्या नातेवाइकाकडे उतरवून हार्ड डिस्कवर आणता येतो, आणि त्यानंतर गेम बसवायला किंवा खेळायला इंटरनेट लागत नाही. साधारण पन्नास जीबी जागा मोकळी ठेवावी.

खान्देशातील उन्हाळा हा लॅपटॉपचा खरा शत्रू आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना धाब्याखालच्या खोलीत दुपारी खेळायला बसले, की प्रोसेसर तापतो, तो आपला वेग आपणहून कमी करतो आणि नेमक्या लढाईत चित्र अडखळू लागते. अशा वेळी चार सेटिंग आधी बदलावीत : फ्रेमची कमाल मर्यादा ३० ठेवावी, हेअरवर्क्स पूर्ण बंद करावे, आणि झाडे किती दूरवर दिसावीत व गवत किती दाट असावे हे दोन्ही मध्यमवर आणावे. हेअरवर्क्समुळे गेराल्टचे आणि लांडग्यांचे केस हलताना सुंदर दिसतात एवढेच. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. लॅपटॉप गादीवर न ठेवता पाटावर किंवा टेबलावर ठेवावा, आणि कूलरचा थेट झोत त्यावर घेऊ नये, कारण त्या हवेतला ओलावा पंख्यातून आत ओढला जातो.

वीज जाणे गृहीत धरूनच खेळावे. संगणकावर एफ ५ या कळीने झटपट सेव्ह होते, आणि गेम स्वतःही मधूनमधून सेव्ह करतो; मात्र लढाई चालू असताना आणि संवादाच्या दृश्यात सेव्ह करता येत नाही, म्हणून एखाद्या महत्त्वाच्या व्यक्तीच्या दारात उभे असतानाच ती कळ दाबावी. याशिवाय प्रत्येक नव्या प्रदेशात शिरताना एक वेगळे, स्वतः केलेले सेव्ह जपून ठेवावे. डेस्कटॉपला छोटा यूपीएस असला तरी पुरतो, कारण त्यातून मिळणारी काही मिनिटे सेव्ह करून यंत्र नीट बंद करायला पुरेशी असतात.

आणखी एक गोष्ट घरातल्या मोठ्यांच्या लक्षात आणून द्यावी लागते. हा गेम प्रौढांसाठी आहे. त्यात नग्नता, रक्तपात, घरातली मारहाण आणि गर्भपाताचा प्रसंग आहे. हॉलमधल्या टीव्हीवर लहान भाचे-पुतणे बसलेले असताना तो लावू नये, हेडफोन वापरावा.

भाषेची अडचण

संवाद इंग्रजीत आहेत आणि ते झपाट्याने येतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी यामुळे घाबरण्याचे कारण नाही, कारण उपशीर्षके चालू ठेवता येतात आणि सेटिंगमध्ये त्यांची अक्षरे मोठी करता येतात. खरी अडचण नावांची होते. सुरुवातीच्या काही तासांतच वेसेमिर, येनेफर, एम्हिर, सिरी, केइरा अशी वीसेक नावे कानांवर आदळतात, आणि पुढे कोणी नुसते एक नाव घेतले की तो माणूस कोण हे आठवत नाही. यावर दोन उपाय आहेत. पहिला गेममध्येच आहे : ग्लोसरीत प्रत्येक पात्राची नोंद असते आणि कथा सरकते तशी ती वाढत जाते; रोज खेळायला बसताना दोन नोंदी वाचाव्यात. दुसरा उपाय म्हणजे एक साधी वही. त्यात मराठीत तीनच रकाने करावेत, माणूस कोण, तो कुठे भेटला आणि त्याने काय मागितले. आठवडाभराचा खंड पडला तरी मग गोष्टीचा धागा लगेच हाती लागतो.

संवादात काही वेळा उत्तर देण्यासाठी वेळेची पट्टी धावते. ती पाहून घाईघाईत काहीही दाबले जाते, म्हणून महत्त्वाच्या भेटीपूर्वीचे सेव्ह इथेही उपयोगी पडते. मात्र निकाल आवडला नाही म्हणून मागे जाऊन उत्तर बदलण्याची सवय लावून घेऊ नये. उत्तराचा अर्थच कळला नसेल तर जरूर मागे जावे. परिणाम कडू निघाला असेल तर तो सोसावा. हा गेम त्यासाठीच रचलेला आहे.

व्हाइट ऑर्चर्ड : शिकण्याची जागा

काठिण्याच्या चार पातळ्या आहेत. पहिल्यांदा खेळणाऱ्याने खालून दुसरी, 'स्टोरी अँड सोर्ड' ही निवडावी. ती खेळता खेळता केव्हाही बदलता येते. वरच्या दोन पातळ्यांवर ध्यान केल्याने, म्हणजे गेममधला वेळ पुढे सरकवल्याने, प्रकृती भरून येत नाही, त्यामुळे नवा माणूस सतत अन्न शोधत फिरतो आणि कथा बाजूला राहते. गेमप्ले सेटिंगमध्ये हालचालीचा पर्यायी प्रकार मिळतो, तोही सुरुवातीलाच निवडावा; गेराल्ट मूळच्या सेटिंगमध्ये थोडा जड चालतो आणि अरुंद घरांत भिंतींवर आदळतो. आरंभी मागच्या गेममधील निर्णय गृहीत धरण्याचा पर्याय विचारला जातो. तो स्वीकारल्यास पुढे व्हिझिमाच्या राजवाड्यात दाढी करून घेत असताना एक अधिकारी जुन्या घटनांबद्दल प्रश्न विचारतो. त्या वेळी लेथो या माणसाला आपण जिवंत सोडले असेच सांगावे, नाहीतर त्याची एक चांगली क्वेस्ट (गोष्ट असलेली कामगिरी) आणि पुढच्या लढाईतील एक बलदंड साथीदार हातचा जातो.

व्हाइट ऑर्चर्ड हा प्रदेश लहान आहे, आणि संपूर्ण गेममध्ये हाच एक प्रदेश असा आहे की जो कोपरा न् कोपरा पाहून संपवावा. इथे शक्तीची सहा स्थाने आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एक कौशल्यगुण मिळतो. सुरुवातीच्या काळात सहा गुण ही मोठी कमाई आहे. मिळालेले कौशल्य केवळ विकत घेऊन चालत नाही, ते उजवीकडच्या सक्रिय जागेत बसवावे लागते. पुष्कळ नवे खेळाडू हे विसरतात आणि नंतर गेम अवघड असल्याची तक्रार करतात. त्याच जागांशेजारी म्युटाजेन, म्हणजे राक्षसांपासून मिळणारे शक्तिवर्धक द्रव्य, बसवायचे असते. लाल रंग लढाईच्या, निळा चिन्हांच्या (हाताच्या खुणेने होणाऱ्या छोट्या जादूंच्या) आणि हिरवा रसायनांच्या कौशल्यांशी जुळतो, आणि रंग जुळला की फायदा वाढतो.

पाच चिन्हांपैकी क्वेन हे संरक्षक कवच आहे आणि प्रत्येक झुंजीच्या आरंभी तेच लावावे. भुतांसाठी जमिनीवर यर्डनचे वर्तुळ आखावे, कारण त्याबाहेर ती धूसर राहतात आणि वार नीट लागत नाहीत. चांदीची तलवार राक्षसांसाठी व पोलादी तलवार माणसांसाठी आणि जनावरांसाठी आहे, आणि योग्य ती तलवार गेराल्ट बहुधा स्वतःच उपसतो. लांब कोलांटीपेक्षा छोट्या बगल देण्यावर भर ठेवावा, म्हणजे शत्रूच्या जवळ राहून उलट वार करता येतो. औषधे एकदाच बनवावी लागतात. पुढे पिशवीत कडक दारू असेल तर ध्यान केल्यावर ती आपोआप भरतात.

या प्रदेशात पैसे कमी मिळतात म्हणून पूर्वी काही खेळाडू कुरणातल्या गायी मारून, ध्यान करून, पुन्हा त्याच गायी मारून कातडी विकत असत. कंपनीने एका अपडेटमध्ये त्यावर उपाय केला : फार गायी मारल्या की एक भयंकर शिंगाळ राक्षस येऊन खेळाडूची खांडोळी करतो. आपल्याकडच्या बैलपोळ्याच्या संस्कारात वाढलेल्याला या शिक्षेत गैर असे काही वाटणार नाही.

मुख्य काम ग्रिफिन या पंख असलेल्या राक्षसाची शिकार हे आहे. त्यासाठी शिकारी मिस्लाव्ह आणि औषधी वनस्पती जाणणारी तोमिरा या दोघांशी बोलावे लागते. तोमिराच्या झोपडीत लेना नावाची एक मुलगी मरणाच्या दारात पडलेली असते, आणि विचर लोकांचे तीव्र औषध तिला द्यावे की नाही हे गेराल्टला ठरवावे लागते. निर्णय कोणताही घेतला तरी त्या वेळी काहीच घडत नाही. औषध दिले असेल तर त्याचे काय झाले ते बऱ्याच काळानंतर, व्हेलेनमधील निल्फगार्ड साम्राज्याच्या छावणीत, तिच्यावर प्रेम करणाऱ्या सैनिकाकडून कळते. या गेमची संपूर्ण पद्धत या एका प्रसंगात दिसते. पेरणी एका गावात होते आणि पीक दुसऱ्याच गावात उगवते, म्हणून भेटलेल्या माणसाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय संवाद पुढे ढकलू नये.

व्हेलेन : इथेच बहुतेकांचा धागा तुटतो

व्हिझिमात सम्राट एम्हिरची भेट झाल्यावर सिरीचा शोध सुरू होतो आणि नकाशावर व्हेलेन, नोव्हिग्राड आणि स्केलिगे अशा तीन दिशा दाखवल्या जातात. गेम खेळाडूला मोकळे सोडतो, तरी क्रम हाच ठेवावा. व्हेलेनमधील कामे पाचव्या-सहाव्या लेव्हलची, नोव्हिग्राडची सातव्यापासून पुढची आणि स्केलिगेची सोळाव्याच्या आसपासची आहेत. क्वेस्टच्या नावाशेजारी सुचवलेली लेव्हल लिहिलेली असते. आपल्यापेक्षा ती तीन-चारने जास्त असेल तर थांबावे, आणि पाचपेक्षा अधिक कमी झाली असेल तर त्या कामातून अनुभवगुण जवळजवळ मिळत नाहीत. या गेममध्ये लेव्हल वाढते ती मुख्यतः क्वेस्ट पूर्ण केल्याने, त्यामुळे जंगलात लांडगे मारत फिरण्यात वेळ घालवू नये.

नकाशावरील प्रश्नचिन्हांबाबत एक नियम पाळावा : मुख्य कामासाठी जाताना रस्त्यालगत येईल तेवढेच प्रश्नचिन्ह पाहावे, वाट सोडून त्यासाठी जाऊ नये. गावांतील सूचनाफलकांवरच्या विचर कामगिऱ्या मात्र घ्याव्यात, कारण त्यांना गोष्टी आहेत. कोणत्या राक्षसावर कोणते तेल, कोणते चिन्ह चालते हे बेस्टिअरीत, म्हणजे गेममधील राक्षसांच्या नोंदवहीत, लिहिलेले असते. शिकारीपूर्वी ते पान उघडण्याची सवय लागली की लढाई निम्मी सोपी होते. लेव्हल अकराच्या सुमारास ग्रिफिन पंथाचे चिलखत आणि तलवारी बनवता येतात. त्यांचे आराखडे शोधण्याचे कष्ट घ्यावेत, कारण त्यानंतर बराच काळ शस्त्रांचा विचारच करावा लागत नाही.

व्हेलेनचा गाभा क्रोज पर्चच्या गढीतील बॅरनची गोष्ट आहे, आणि माझ्या मते संपूर्ण गेममधला हा सर्वांत चांगला भाग आहे. त्यामुळे बॅरनची 'फॅमिली मॅटर्स' ही क्वेस्ट सुरू केली, की ती संपेपर्यंत दुसरे मोठे काम हाती घेऊ नये. बॅरनची बायको आणि मुलगी बेपत्ता आहेत, आणि तो त्या दोघींना शोधून देण्याच्या बदल्यात सिरीबद्दल माहिती देणार आहे. गाव त्याला भिते, त्याचे सैनिक लुटारू आहेत, तो दारूत बुडालेला आहे. आणि तरीही तो तोंड उघडतो तेव्हा त्याचे म्हणणे ऐकावेसे वाटते. गेम त्याला सोडून देत नाही आणि राक्षसही ठरवत नाही.

या कथेत एक प्रसंग येतो, त्याचा अर्धा भाग इथे सांगतो. नाव न ठेवता पुरलेल्या, जन्माआधीच गेलेल्या बाळाचे भुतात रूपांतर झालेले असते. त्याच्याशी लढून त्याला संपवावे किंवा विधी करून त्याला शांत करावे असे दोन मार्ग मिळतात. विधीचा मार्ग निवडावा. मग बॅरन ते फुरफुरणारे, दात विचकणारे मूल स्वतःच्या हातांत उचलून घेतो आणि पावसात गढीच्या उंबऱ्याकडे चालत निघतो. मूल बिथरले की गेराल्टला ॲक्सी चिन्हाने ते शांत करावे लागते, आणि वाटेत इतर भुतेही आडवी येतात. उंबऱ्यापाशी बाळाला नाव दिले जाते आणि तिथेच त्याला पुरले जाते. या वेळी कॅमेरा बॅरनच्या चेहऱ्यावर असतो. तो पाहत राहावा, स्किपच्या बटणावर बोट ठेवू नये.

या मार्गावरून पुढे क्रुकबॅक बॉगच्या दलदलीतील तीन बहिणींकडे जावे लागते. त्यांच्याकडून मिळणाऱ्या कामात एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांत अडकलेला आत्मा भेटतो, आणि त्याला सोडावे की मारावे हा प्रश्न येतो. इथे काय करावे हे मी सांगणार नाही. सोडले तर काही निष्पाप वाचतात आणि दुसरे कोणी भोगतात. मारले तरी तसेच. दोन्ही बाजूंनी निर्मळ असे उत्तर इथे ठेवलेलेच नाही, त्यामुळे नेटवर 'योग्य पर्याय' शोधत बसण्यात काही अर्थ नाही. आत्मा काय बोलतो ते सावकाश वाचावे, बहिणींच्या घराच्या परसातल्या मुलांशी आधी बोलून घ्यावे आणि मग ठरवावे.

व्हेलेनमध्येच केइरा मेट्झ ही जादूगारीण भेटते. गुहेतील तिची कामगिरी मुख्य कथेत येते, पण त्यानंतरची तिची निमंत्रणे ऐच्छिक आहेत आणि पुष्कळजण ती सोडून पुढे जातात. तसे करू नये. तिच्या सर्व क्वेस्ट पूर्ण कराव्यात आणि शेवटच्या वादात तिला केअर मॉरहेन या किल्ल्यावर जाण्याचा सल्ला द्यावा. का ते पुढे कळेल.

नोव्हिग्राड

व्हेलेननंतर मोठे शहर लागते आणि कथेची चाल बदलते. चिखलातून बाहेर पडून आपण गल्ल्या, भिकाऱ्यांचे अड्डे, गुंडांच्या टोळ्या आणि चितेवर जाळल्या जाणाऱ्या जादूगारांच्या गावात येतो. इथे डँडेलियन या भाटाचा शोध घ्यायचा असतो. हा शोध लांबतो, कधी कधी रेंगाळतोही, आणि एकेका दारावर जाऊन चौकशी करण्याचा कंटाळा येतो हे खरे आहे. अशा वेळी दोन-तीन दिवस मुख्य कथा बाजूला ठेवून जादूगारीण ट्रिस, गेराल्टचा मित्र झोल्टन आणि निल्फगार्डविरुद्ध लढणारा रोश यांच्या कामांकडे वळावे. ती कामे चांगली आहेतच, शिवाय त्यांना मुदत आहे, आणि ही मुदत गेम ठळकपणे सांगत नाही.

ट्रिसची 'नाऊ ऑर नेव्हर' ही क्वेस्ट, रोशची 'ॲन आय फॉर ॲन आय', तसेच माजी हेरप्रमुख डायक्स्ट्रा, रोश आणि राजा राडोविड यांच्याशी जोडलेली कटकारस्थानाची कामे हे सगळे सिरी सापडण्यापूर्वी उरकावे लागते. ग्वेंट या पत्त्यांच्या खेळाचा नाद लागला असेल तर शहर त्याला पोसते. प्रत्येक खानावळवाल्याकडून पत्ते विकत घ्यावेत आणि व्यापाऱ्यांशी डाव मांडावेत. पण कथा हेच ध्येय असेल तर हा नाद आवरता घ्यावा.

स्केलिगे

स्केलिगेच्या बेटांवर जायला जहाजाच्या कप्तानाला हजार क्राउन द्यावे लागतात, म्हणून नोव्हिग्राड सोडण्यापूर्वी जास्तीच्या तलवारी विकून पैसे जमवावेत. इथे गेराल्टची जुनी प्रेयसी, जादूगारीण येनेफर भेटते आणि मुख्य कथा वेग घेते. 'पझेशन', 'लॉर्ड ऑफ उंडविक' आणि त्यांना जोडणारी 'किंग्ज गॅम्बिट' या तीन क्वेस्ट मुख्य कथेत मोडत नाहीत, तरी त्या वगळू नयेत. बेटांवरचा सरदार क्रॅख याची मुलगी सेरिस आणि मुलगा ह्यालमार यांपैकी कोणाला गादीवर बसवायचे हे त्यांत ठरते, आणि त्या खेळल्याच नाहीत तर तिसराच माणूस राजा होतो. माझा कौल सेरिसला. तलवारीआधी डोके चालवणारी ती त्या बेटांवरची जवळजवळ एकटीच आहे.

समुद्रात नकाशावर जी ढीगभर प्रश्नचिन्हे दिसतात, ती बहुतेक तस्करांनी लपवलेल्या मालाची आहेत. होडी घेऊन एकेक गाठायचे, उडत्या राक्षसिणींशी झगडायचे, पाण्यात बुडी मारून पेटी उघडायची आणि तीत फुटकळ माल निघायचा, असा हा उद्योग आहे. त्याच्या नादी अजिबात लागू नये.

प्रेमाच्या बाबतीत एकच सूचना. ट्रिसला नोव्हिग्राडच्या बंदरात आणि येनेफरला 'द लास्ट विश'च्या शेवटी, अशा दोघींनाही प्रेमाची कबुली दिली, तर पुढे दोघी मिळून गेराल्टची चांगलीच फजिती करतात आणि तो एकटा उरतो. तो प्रसंग विनोदी आहे. पण एकीवर मनापासून जीव असेल तर दुसरीला वेळीच स्पष्ट नकार द्यावा.

परतीची वाट बंद होण्यापूर्वी

यापुढे कथेतील महत्त्वाच्या घटना येतात. उमा नावाच्या विचित्र प्राण्याचे कोडे सुटले, की सिरी जिथे आहे त्या 'आयल ऑफ मिस्ट्स' या बेटाकडे जाण्याची वाट उघडते. तिकडे निघताना गेम इशारा देतो, आणि तो गांभीर्याने घ्यावा. बेटावर गेल्यावर वर सांगितलेल्या मुदतीच्या क्वेस्ट अपुऱ्या असतील तर त्या कायमच्या बाद होतात, आणि तिथून परत येताच केअर मॉरहेनच्या किल्ल्यावरची मोठी लढाई येऊन ठेपते. म्हणून बेटावर जाण्यापूर्वी एक स्वतंत्र सेव्ह करून ठेवावे आणि वही उघडावी.

लढाईसाठी साथीदार जमवण्याची क्वेस्ट याच सुमारास मिळते. आधी कोणाकोणाला मदत केली आहे त्यावर कोण येणार हे ठरते : केइरा तिच्या क्वेस्ट नीट संपवल्या असतील तर येते, लेथो 'घोस्ट्स ऑफ द पास्ट' पूर्ण केल्यास, रोश आणि त्याची साथीदार व्हेस 'ॲन आय फॉर ॲन आय' झाल्यास, आणि ह्यालमार उंडविकहून जिवंत परतल्यास. ज्यांनी आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी इतरांची कामे करण्यात घालवल्या, त्यांच्या किल्ल्याच्या अंगणात गर्दी दिसते. घाईने आलेल्याला तिथे मोजकी माणसे भेटतात.

सिरीशी वागणे आणि कथेचा शेवट

ज्यांना शेवटाबद्दल काहीच कळायला नको आहे, त्यांनी हा भाग गेम संपल्यावर वाचावा.

कथेचा शेवट राडोविडवर किंवा प्रेयसीवर मुख्यत्वे अवलंबून नाही, तो गेराल्ट सिरीशी कसा वागतो यावर ठरतो. लढाईनंतर खचलेल्या सिरीला धीर देताना तिची समजूत घालून दारू प्यायला बसवण्याऐवजी तिचे मन रमेल असे काही करू या, हे उत्तर द्यावे. मग दोघे बर्फाचे गोळे फेकत खेळतात. तिला एम्हिरकडे नेले, तर सम्राट देऊ करील ते बक्षीस नाकारावे. जादूगारिणींच्या मंडळासमोर ती जाते तेव्हा तिला एकटीला आत जाऊ द्यावे. सिरीचा गुरू अव्हलाख याच्या प्रयोगशाळेत तिचा राग अनावर होतो तेव्हा तिला तोडफोड करू द्यावी. आणि तिला ज्याने आसरा दिला त्या स्क्यालच्या कबरीकडे ती जाऊ म्हणेल तेव्हा तिच्यासोबत जावे.

या सगळ्या ठिकाणी प्रश्न एकच असतो : मुलीवर विश्वास ठेवायचा, की तिची काळजी करता करता तिला आवरून धरायचे. ठेवलेल्या विश्वासाचे पारडे जड असेल तर ती शेवटी परत येते. यातली गंमत अशी की चुकीची वाटणारी उत्तरे प्रेमळ शब्दांत लिहिलेली आहेत. 'तू राहू दे, मी सोबत येतो' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी, पुण्याला शिकायला निघालेल्या मुलीच्या बॅगेशेजारी, अगदी जिव्हाळ्याने बोलले जाते, त्यामुळे खान्देशातला खेळाडू इथे हमखास तेच बटण दाबतो.

सिरी सम्राज्ञी होते असाही एक शेवट आहे. तो पाहायचा असल्यास तिला एम्हिरकडे नेणे आवश्यक आहे, आणि 'रीझन ऑफ स्टेट' ही क्वेस्ट खेळून तिच्या अखेरीस रोशची बाजू घेतलेली असावी. त्या क्वेस्टकडे नेणाऱ्या एका संभाषणात डायक्स्ट्राला जोरात ढकलून बाजूला सारण्याचा पर्याय येतो; तो निवडला की त्याचा पाय मोडतो आणि राजकारणाचे हे सगळे दार बंद होते. ती सम्राज्ञी न होता विचर म्हणून वाटेला लागते, हा शेवट मला अधिक पटतो.

त्यानंतर

मुख्य कथा संपल्यावरही जग खुले राहते. १३ ऑक्टोबर २०१५ रोजी आलेला 'हार्ट्स ऑफ स्टोन' हा विस्तार आधी आणि ३१ मे २०१६ रोजी आलेला 'ब्लड अँड वाइन' नंतर खेळावा. पहिल्यासाठी लेव्हल तीसच्या पुढे आणि दुसऱ्यासाठी चौतीसच्या आसपास असावी. मुख्य कथेला साधारण पन्नास तास लागतात, बाजूची कामे धरली तर त्याच्या दुप्पट. रोज रात्री जेवणानंतर दीड तास, असा हिशेब धरल्यास आखाजीला सुरू केलेली कथा बाजूच्या कामांसह पावसाळा लागेपर्यंत स्केलिगेच्या किनाऱ्यावर पोहोचते. तोवर ऊनही उतरलेले असते, तेव्हा फ्रेमची मर्यादा ३० वरून ६० वर न्यायला हरकत नाही.